फ्यूज वायरीसाठी असतो

गाडीत ॲम्प्लिफायर बसवायचा म्हटलं की लॅमिंग्टन रोडवर बोलणं सुरू होतं ते वॅटवरून. खोक्यावर २००० वॅट छापलेलं असतं. तो आकडा सोडा, ॲम्प्लिफायरच्या कडेला खोचलेले फ्यूज बघा. २५ ॲम्पिअरचे दोन असतील तर बेरीज ५०. इंजिन चालू असतानाच्या साडेतेरा व्होल्टने गुणा, ६७५ वॅट होतात. सलग आत घेणार तो एवढंच, आणि त्यातलाही क्लास डीमध्ये साधारण पाचवा हिस्सा, क्लास एबीमध्ये त्याहून बराच जास्त, नुसता तापण्यात जातो. वायर या ५० वरून ठरते. २००० वॅट विक्रेत्याला लखलाभ.

‘ॲम्प्लिफायरला फ्यूज आहे की, आणखी एक कशाला?’ असं फिटर हमखास म्हणतो. पण तो फ्यूज ॲम्प्लिफायरपुरता. बॅटरी बॉनेटखाली, ॲम्प्लिफायर डिकीत; मधली चार-पाच मीटर वायर पत्र्याच्या भोकातून आणि गालिच्याखालून जाते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार रोज थोडं थोडं वेष्टन खाते. आतलं तांबं एकदा पत्र्याला टेकलं की बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते, आणि ती वाट डिकीतल्या फ्यूजपर्यंत जातच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि वायरीला झेपेल त्याहून मोठा नको. फ्यूज सारखा उडतो म्हणून ५० च्या जागी १०० चा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. किल्ली काढली तरी ही वायर जिवंतच राहते. गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत गाड्या आरशाला आरसा लावून उभ्या असतात. तिथे पेटलेली गाडी एकटी जळत नाही.

अस्सल तांबं महाग पडतं, हे खरं. म्हणूनच तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर खपते, वरून जाडजूड प्लॅस्टिक चढवून. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के. तेव्हा घ्यायचीच तर एक-दोन मापं जाड घ्या आणि फ्यूज तिच्या कुवतीचा लावा. ओळखणं सोपं आहे: एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की ॲल्युमिनियम. तांब्यातही माप चुकवू नका. पाच मीटर ८ गेजमधून ५० ॲम्पिअर गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो, त्याहून जाड ४ गेजमध्ये जेमतेम ०.२.

पैसे देण्याआधी बॉनेट उघडायला लावा. बॅटरीजवळ फ्यूज होल्डर दिसला नाही, तर गाडी तिथून हलवू नका.