टर्बो गेला म्हणे...

"टर्बो गेला" हे आपल्याकडच्या गॅरेजांमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. आणि माझ्या मते सगळ्यात आळशीही.

तर झालं असं. दिवाळीला काटोलला गेलो होतो. घरी आंबिया बहाराची संत्री उतरणं चालू, आणि चुलतभाऊ तोंड पाडून बसलेला. त्याच्याकडे सेकंडहँड १.३ लिटरची टर्बो डिझेल आहे, ९० पीएसवाली. (हे इंजिन आपल्या रांजणगावलाही बनायचं. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ते नव्या गाड्यांमधून गेलं. म्हणून आता ज्याला त्याला सेकंडहँडमध्ये हेच हवं असतं आणि घेतल्याबरोबर त्यात कायतरी 'करायचं' असतं.) याने नागपुरात एकाकडून ट्यूनिंग बॉक्स बसवून घेतला होता. दोन-तीन महिने गाडी पळाली. मग कळमेश्वर सोडल्यावर संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करताना, समोरून एसटी येत असताना, गाडीतला जीवच गेला. पिवळा दिवा लागला, पिकअप शून्य. मागे काकू बसलेली. कसाबसा ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आला म्हणून मी हे लिहितोय.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी-०२९९ हा कोड वाचला आणि निकाल दिला, "भाऊ, टर्बो गेला तुमचा." खर्च पन्नास हजारांच्या घरात.

आता पी-०२९९ चा अर्थ 'टर्बो गेला' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटरने जेवढा दाब मागितला तेवढा त्याला दिसला नाही. 'दिसला नाही' हे शब्द लक्षात ठेवा. आपल्या धंद्यात सर्व्हर स्लो आहे असा अलर्ट आला म्हणून कोणी लगेच नवा सर्व्हर विकत घेतं का? (बरं, घेतात काही मॅनेजर. असो.)

काकांना ही गोष्ट माझ्याआधी कळली, कारण ते ड्रिपवाले. बागेत शेवटच्या झाडाला पाणी कमी येतंय म्हणून कोणी मोटर बदलत नाही. आधी नळी कुठे फुटली ते पाहतात, फिल्टर पाहतात, व्हॉल्व्ह पाहतात. मोटर सगळ्यात शेवटी. टर्बोचंही तेच आहे. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबतो, ती नळीतून इंटरकूलरमध्ये जाते, तिथून दुसऱ्या नळीतून इंजिनात. एवढ्या वाटेत कितीतरी सांधे. शिवाय या गाडीत टर्बोच्या आतल्या पाती व्हॅक्यूमवर हलतात, म्हणजे ती बारीक रबरी नळी चिरली, सोलेनॉइड अडकला किंवा पातींवर काजळी बसली तरी कोड हाच येणार.

पण मॉडिफाय केलेल्या गाडीत या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो कोणी विचारतच नाही. मीटर खरं बोलतंय का?

माझ्याकडे ब्लूटूथवाला स्वस्तातला ओबीडी डोंगल होता. चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं. अशा वेळी मॅनिफोल्डमधला सेन्सर नुसता बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. काटोल समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास, म्हणजे आकडा ९६-९७ किलोपास्कल यायला हवा. फोनवर आला ८८.

८८ म्हणजे गाडीच्या मते आम्ही चिखलदऱ्याला उभे होतो!

बॉक्सचे कनेक्टर काढले, कंपनीचे होते तसे जोडले. ९७. चोर सापडला... निदान एक तरी.

हे बॉक्स करतात काय, तर सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसतात आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतात. बिचारा कॉम्प्युटर भर घालत जातो. (महागडे बॉक्स फक्त लोड आल्यावर खोटं बोलतात, त्यामुळे चावीची ही टेस्ट त्यांना लागू पडत नाही. हा साधा होता, चोवीस तास खोटं बोलणारा.) म्हणजे ॲपवर १७२ दिसत होते तेव्हा नळीत खरे १९० होते. आणि गॅरेजवाल्याच्या स्कॅनरनेही तेच १७२ वाचले, कारण स्कॅनर कॉम्प्युटरला विचारतो आणि कॉम्प्युटरला बॉक्सने आधीच गंडवलेलं!

आता बॉक्सशिवाय चक्कर मारली. भाऊ चालवतोय, मी फोन धरून. चौथा गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. १८५ च्या वर काही जाईना, आणि बॉनेटमधून 'सुऽऽ' असा आवाज. म्हणजे गळती खरोखरच होती.

तिचा शोध फुकटात लागतो. ड्रिपच्या सामानातली पीव्हीसीची एंड कॅप, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि ही कॅप टर्बोच्या तोंडाच्या नळीत क्लिपने आवळायची. इंजिनच्या ब्रीदरची नळी आधी बंद करायची, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाऊन सील उडतात. दाब १५ पीएसआयच्या आत. काकांनी फवारणी पंपाचं मीटर काढून दिलं होतं, पण त्यावर दहा-दहा किलोच्या रेघा, आमचा एक किलो त्यात काट्याच्या जाडीएवढा! शेवटी पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या गरम बाजूच्या सांध्याला बुडबुडेच बुडबुडे. क्लिप तिरपी बसलेली, नळी तेलकट होऊन अर्धी सरकलेली. पंक्चरवाला म्हणाला, "काहून एवढा दिमाग लावून राहिले भाऊ, आवाज तर येऊनच राहिला होता." खरंय. नळी पुसली, नवी क्लिप लावली. तीनशे रुपयांत काम झालं, चहासकट.

परत चक्कर. २१०. दिवा नाही, काळा धूर नाही.

आता बघा, टर्बो बदलला असता तर नवा टर्बोही त्याच सांध्यातून फुसफुसला असता. आणि बॉक्स तसाच ठेवून नुसती क्लिप लावली असती तर? कॉम्प्युटरने २१० दिसेपर्यंत दाब वाढवला असता, म्हणजे खरे २३१. जवळजवळ ३ पीएसआय जास्त, आणि तेही कोणालाच दिसलं नसतं. त्याच दाबाने सांधा सरकला असावा अशी माझी दाट शंका आहे.

मी मॉडिफिकेशनच्या विरुद्ध नाही. मीही कॉलेजात असताना बाइकचा सायलेन्सर कापलाय. पण इंजिनला जास्त ताकद मागणं वेगळं आणि इंजिनचे डोळे बांधून ती काढून घेणं वेगळं. रीमॅप निदान कॉम्प्युटरला सांगून केलेला असतो, मागणी वाढलेली त्याच्या नकाशात दिसते. तेही करणार असाल तर ट्यूनिंगवाल्याकडे आधीचा आणि नंतरचा लॉग मागा, दाबाच्या आकड्यांसकट. नाही म्हणाला तर उठून या. आणि आकडे गेजचे की ॲब्सोल्यूट हे विचारा, कारण '१.२ बार' म्हणणाऱ्या दोघांमध्ये अख्ख्या वातावरणाचा फरक असू शकतो. आणखी एक गंमत. ओबीडीचा जो जुना साधा दाबाचा आकडा आहे तो एका बाइटचा, २५५ च्या वर जातच नाही. ज्यांच्या गाड्या त्याच्या वर दाबल्यात त्यांना ॲपवर सपाट रेघ दिसते आणि ते खूश होतात, काय स्थिर बूस्ट आहे म्हणून! तिथे टी टाकून काट्याचा साधा गेजच लावावा लागतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालत नाहीत. बॉक्स त्यात नेमका कुठे बसतो यावर ट्यूनिंगवाला तुमच्याशी तासभर वाद घालेल. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर तेवढा वेळ देईल असं मला वाटत नाही.

भावाला हे सगळं पटलं असं समजू नका. "दादा, क्लिप तर आता पक्की झाली ना? मग लावून पाहू बॉक्स." मी नाही म्हटलं. त्यावर काकूने तो बॉक्स उचलला आणि फवारणीची औषधं ठेवतात त्या खोलीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली तिच्या कमरेला आहे. पुढच्या बहाराला जाईन तेव्हा चावी फिरवून ९७ येतात का ते मी गुपचूप पाहणार आहे.