बांधावरचे देवभात आणि प्रयोगशाळेतले भात

भातशेतीत ज्यांचे बालपण गेले त्यांना देवभाताची ओळख करून देण्याची गरज नाही. तळ्याच्या काठी, चरात, बांधाच्या कडेला ते आपोआप उगवते. त्याच्या लोंबीला लांब कुसळे असतात आणि दाणा पिकतो न पिकतो तोच झडून चिखलात पडतो, त्यामुळे कापणीच्या वेळी ते विळ्याला सापडत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य मानणाऱ्या आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे या न नांगरलेल्या धान्याला मान आहे. एरवी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या देशात भाताविषयी जे निर्णय झाले, त्यांचा विचार या उपेक्षित गवताला वगळून करता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

दिनांक 4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले : ‘डीआरआर धान 100 (कमला)’ आणि ‘पुसा डीएसटी राइस 1’. दुसऱ्या वाणाचा उद्देश क्षारयुक्त जमिनीत तग धरणे हा आहे. खाजण आणि खारजमीन कसणाऱ्या कोकण-गोव्यातील शेतकऱ्यांचे कान या बातमीने टवकारले गेले असतील तर नवल नाही. या वाणांत दुसऱ्या जीवाचे जनुक घातलेले नाही, भाताच्याच जनुकात नेमका बदल केलेला आहे. अशा वाणांना 1989 च्या नियमांतील कडक तपासणीतून सूट देणारे परिपत्रक केंद्र सरकारने 30 मार्च 2022 रोजी काढले होते.

त्याआधी, 2021 मध्ये, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा बासमती 1979’ आणि ‘पुसा बासमती 1985’ हे वाण शेतकऱ्यांना दिले. इमाझेथापीर हे तणनाशक फवारले तरी ही रोपे मरत नाहीत. हा गुण उत्परिवर्तनातून आलेला असल्यामुळे जनुकीय बदलाचे नियम त्यांनाही लागू झाले नाहीत. वाणांमागचा हेतू चांगला आहे. लावणी न करता थेट पेरणी केली तर पाणी आणि मजुरी दोन्ही वाचते. मात्र शेतात पाणी साठलेले नसल्याने तण माजते आणि बेणणीला माणसे मिळत नाहीत. म्हणून तणनाशक, आणि म्हणून ते सोसणारे भात.

अडचण येथेच सुरू होते. देवभात आणि लागवडीचे भात ही एकाच कुळातील सख्खी भावंडे आहेत. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते आणि त्याचा पराग काही मिनिटेच जिवंत राहतो. त्यामुळे शेजारच्या रोपाशी संकर होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. हे ऐकून निर्धास्त व्हावेसे वाटते. पण हजारात एक दाणा संकरित झाला, तो झडून मातीत राहिला आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात तेच तणनाशक फवारले, तर इतर सर्व तण मरून नेमके तेच एक रोप उरते. फवारणी जणू त्याचीच निवड करते. त्यातून जे रानटी भात निपजते ते लोंबी येईपर्यंत खऱ्या भातापासून ओळखू येत नाही. शुभवर्तमानातील गहू आणि निदणाच्या दाखल्यातील शेतमालकाची नेमकी हीच पंचाईत होती.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील भातपट्ट्यात 2002 च्या सुमारास ‘क्लिअरफील्ड’ नावाचे असेच तणनाशक-सहनशील भात आले. तेही उत्परिवर्तनातून मिळवलेले होते. तेथे अस्सल देवभात नाही, पण त्याचा भाऊबंद म्हणावा असा ‘लाल भात’ हा तणाचा प्रकार शेतोशेती आहे. सलग वर्षे हेच वाण लावू नका, पिकाचा फेरपालट करा, अशा सूचना शेतकऱ्यांना दिलेल्या होत्या. तरीही काही वर्षांतच आर्कान्सामध्ये त्या तणनाशकाला दाद न देणारे लाल भात सापडू लागले. आपल्याकडे तर पीक आणि त्याचा रानटी पूर्वज दोन्ही एकाच पाण्यात वाढतात.

आमचा आक्षेप विज्ञानाला नाही, वाण काढणाऱ्या संशोधकांना तर मुळीच नाही. क्षार सोसणारा नवा वाण उद्या तण होईल, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बदल कोणत्या पद्धतीने घडवला, बाहेरचे जनुक घातले की आतलेच बदलले, एवढेच आपले नियम विचारतात. परागाला याचे सोयरसुतक नसते. तो गुण रानात गेला तर रानटी रोपाला फायदा होईल काय आणि त्या शिवारात असे रोप उभे आहे काय, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. तणनाशक सोसण्याचा गुण फवारणीच्या शेताबाहेर फारसा कामाचा नाही. खारट पाण्यात जगण्याचा गुण मात्र खाडीकाठच्या रोपाला बाराही महिने उपयोगी पडू शकतो. म्हणून दोहोंची तपासणी वेगवेगळी व्हायला हवी. 9 फेब्रुवारी 2010 रोजी बीटी वांग्याला स्थगिती देताना, भारत हे वांग्याच्या विविधतेचे माहेरघर आहे, ही बाब तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी विचारात घेतली होती. भाताला तोच न्याय का नसावा?

यात दुसरीही एक बाजू आहे आणि ती सहसा विसरली जाते. देवभाताकडून आपण घेतलेही आहे. 1970 च्या दशकात भातावर ‘ग्रासी स्टंट’ नावाचा विषाणूरोग आशियाभर पसरला. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवाराच्या एका नमुन्यात. नीवार म्हणजे आपल्या देवभाताच्याच गोतातला. त्याच्या संकरातून पुढे 1976 मध्ये ‘आयआर 36’ हा वाण आला आणि लक्षावधी हेक्टरांवर पोहोचला. ज्या डबक्यातून तो नमुना उचलला ते आधीच बुजवलेले असते तर?

आपल्या किनाऱ्यावरची तळी आणि चर भरावाखाली जात आहेत, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. नवे वाण वसईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शेतांत येण्याआधी कोणत्या गावात देवभात आहे, ते केव्हा फुलते आणि भाताच्या फुलोऱ्याशी त्याची वेळ जुळते काय, याची नोंद करता येईल. कर्जतचे संशोधन केंद्र आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांना हे काम अवघड नाही. गावातली वडीलधारी माणसे जागा दाखवतील. पण ती आहेत तोवर विचारायला हवे.