विश्लेषण : गाडीचा एसी गार करत नाही? ‘गॅस भरा’ हे उत्तर नव्हे!

दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर गाडीत दुरुस्ती झालेलीच नाही. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी काय तपासावे आणि गेल्यावर काय विचारावे?

एप्रिल-मेमध्ये साक्रीहून धुळ्याकडे निघालेल्या गाडीत एसीने दगा दिला, की सगळ्यांना आधी गॅस आठवतो. गाडी गॅरेजला नेली, की तिथेही पहिला शब्द तोच, ‘भाऊ, गॅस कमी झालाय.’ अर्ध्या तासात गॅस भरला जातो, गार हवा येते, पैसे दिले जातात. पुढच्या उन्हाळ्यात, कधी पुढच्याच महिन्यात, पुन्हा तेच.

खानदेशात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात रुग्णाला घेऊन धुळ्याला जायचे असते, वऱ्हाडाच्या गाडीत लहान मुले आणि म्हातारी माणसे असतात. ज्याचे घर भाड्याच्या गाडीवर चालते, त्याच्यासाठी एसी बंद म्हणजे गिऱ्हाईक गेले. त्यामुळे इथे एसी ही चैन राहिलेली नाही. म्हणूनच त्याच्या नावावर दरवर्षी होणारा हा खर्च तपासून पाहायला हवा.

गॅस खरेच संपतो का?

पेट्रोल जळते, तसा एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. हेच चक्र चालू राहते.

रबरी पाइप आणि सील यांतून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो, हे खरे. त्यामुळे पाच-सात वर्षांनी एखाद्या वेळी तो भरावा लागला, तर त्यात गैर नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पंक्चर न काढता रोज हवा भरण्यासारखाच हा प्रकार आहे. शिवाय गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर जाते. तेलाविना चाललेला कॉम्प्रेसर जाम झाला, की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो.

गॅरेजला जाण्यापूर्वी काय पाहावे?

गॅस सोडून इतर अनेक कारणांनी एसी कमी गार करतो. लक्षण नीट पाहिले, तर निम्मे निदान घरीच होते.

हवाच कमी येते : आधी केबिन फिल्टर काढून पाहा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. फिल्टर स्वच्छ असेल, तर ब्लोअर तपासावा.

हवा जोरात येते, पण गार नाही : एसीचे बटण दाबल्यावर बॉनेटमधून ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐका. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच लागल्याचा तो आवाज असतो. तो येत नसेल, तर फ्यूज, रिले, वायरिंग, क्लच किंवा कमी गॅस यांपैकी काहीही असू शकते.

गाडी पळताना गार, थांबली की गरम : बहुतेक वेळा दोष पंख्याचा किंवा धूळ-किड्यांनी भरलेल्या कंडेन्सरचा असतो. कोंडाईबारी घाटात ट्रकच्या मागे हळूहळू चढताना हे हमखास जाणवते, कारण तिथे समोरून वारा लागत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. कंडेन्सर साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढत असेल, तर मात्र एसी लगेच बंद करावा.

आधी गार, तासाभराने हवाच कमी : कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. थोडा वेळ एसी बंद ठेवून फक्त ब्लोअर चालवल्यावर हवा पूर्ववत झाली, तर संशय पक्का. सेन्सर तपासून घ्यावा.

कुबट वास किंवा पायाखाली पाणी : कॉइलवर बुरशी धरली आहे किंवा पाणी बाहेर जाणारी नळी तुंबली आहे. याचा गॅसशी संबंध नाही.

आणि एक साधी गोष्ट. उन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी सहज जास्त तापते. बसल्याबरोबर काचा बंद करून एसीला नावे ठेवू नयेत. दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, गरम हवा निघून गेली की काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. आणि लहान मुलाला बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये.

मीटर लावून गॅस किती, ते कळते का?

इथेच अनेकांची फसगत होते. एसी बंद असताना मीटरवर दिसणारा दाब प्रामुख्याने तापमानावर ठरतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तसेच असते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तोवर दाब जवळपास तोच राहतो. म्हणून सिलिंडर आपण वजन करून घेतो. एसी चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब पाहिले, तर बिघाडाचा अंदाज येतो, पण गॅसचे अचूक मोजमाप वजनानेच होते.

प्रत्येक गाडीला किती ग्रॅम गॅस लागतो, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते. लहान गाड्यांत तो साधारण अर्धा किलो किंवा त्याहून कमी असतो. अंदाजाने जास्त भरला, तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

योग्य पद्धत अशी. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा. नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचे पाणी लावून किंवा रंगद्रव्य आणि अतिनील दिव्याच्या मदतीने गळती शोधायची. ती बंद करायची. व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढायची, याला किमान वीस-तीस मिनिटे लागतात. मग ठरलेला गॅस काट्यावर मोजून भरायचा.

गॅस हवेत सोडला तर काय बिघडते?

पूर्वी गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो बाद झाला. आता आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणजे एका लहान गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो.

अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार आपल्याकडे २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जायची आहे. गॅस कायम सहज मिळत राहील, असे धरून चालणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

दोष एकट्या मेकॅनिकचा आहे का?

नाही. गळती शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपणच कुरकुर करतो. ‘आत्ता फक्त गॅस भरून द्या, पुढचे पुढे पाहू’ हे वाक्य बहुतेक वेळा गिऱ्हाईकाच्याच तोंडी असते. गॅस काढून घेणारे यंत्र महाग असते, छोट्या गॅरेजला ते परवडत नाही. पण काम वाढणार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. सुरत-धुळे महामार्गावरच्या साक्रीत उद्या असे ट्रकही दुरुस्तीला थांबतील. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकून निघणाऱ्या मुलांना यात रोजगार आहे. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक यंत्र घेतले, तरी सुरुवात होईल.

आपण काय करावे?

बिल मागावे आणि त्यावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. गळती कुठे सापडली, काय बदलले, व्हॅक्यूम किती वेळ केला आणि किती ग्रॅम गॅस भरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल हा आपला हक्क आहे, ते मागण्यात संकोच नको.

गळती शोधून केलेल्या कामाला एकदा जास्त पैसे लागतील. ते द्यावेत. आणि गाडी न तपासताच कोणी ‘गॅस भरून देतो’ म्हणाले, तर एवढेच विचारावे, ‘मागच्या वर्षी भरलेला कुठे गेला?’