किटण काढण्यापलीकडचे शिक्षण

जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते तेथील रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. परंतु या संस्थेचा पुणे जिल्ह्याशी याहून जुना असा एक संबंध आहे व तो आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली जिल्ह्यातील खेडोपाडी घरोघर जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तोंडाचा कर्करोग, त्याआधी उमटणारे पांढरे चट्टे आणि तंबाखू व मिसरी यांचा परस्परसंबंध शोधणे हा या पाहणीचा हेतू होता. तिचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर अर्धशतक उलटले. मिसरी गेली नाही. तिच्या जोडीला गुटखा आला. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी ती कितपत अंमलात आहे हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंती सांगतील.

प्रश्न असा की, या तोंडांत पाहायचे कोणी?

दंतवैद्याने, हे उत्तर वरवर सोपे वाटते. देशात दंत महाविद्यालये तीनशेच्या वर आहेत आणि नोंदणीकृत दंतवैद्य लाखांनी मोजावे लागतात. पण दंतवैद्य जेथे शुल्क देणारा रुग्ण आहे तेथे दवाखाना थाटतो. यात त्याचा दोष नाही. पाच वर्षांच्या शिक्षणाचा खर्च त्याला भरून काढायचा असतो. कांदा-टोमॅटोच्या रानात खुरपणीला जाणारी बाई मात्र दाढ असह्य ठणकू लागल्यावाचून त्याच्याकडे जात नाही. तपासणीचे शुल्क, एस. टी.चे भाडे आणि मजुरीचा खाडा या तिन्हींची बेरीज तिला तोंडपाठ असते. न दुखणारा पांढरा चट्टा त्या बेरजेत कधीच बसत नाही, आणि हा चट्टा सुरुवातीला दुखत नाही हेच तर त्याचे भय आहे.

या दरीवर अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एक तोडगा निघाला होता. ब्रिजपोर्ट या औद्योगिक शहरातील डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या साहाय्यिकेला दात साफ करण्याचे व हिरड्यांची निगा राखण्याचे शिक्षण दिले, आणि १९१३ साली अशा शिक्षणाचा पहिला वर्गच उघडला. त्यातून बाहेर पडलेल्या स्त्रिया शहरातील शाळांतून मुलांचे दात राखू लागल्या. ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा शब्दही फोन्स यांचाच. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाला मान्यता दिली. पण कोणती? दातांवरचे किटण काढणारी, दात घासूनपुसून चकचकीत करणारी किंवा मुखस्वच्छतेचे धडे देणारी व्यक्ती, एवढीच तिची व्याख्या. बारावी विज्ञानानंतरचा दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आजही अनेकांना ठाऊक नसतो. लाखो दंतवैद्यांच्या देशात नोंदलेले हायजिनिस्ट काही हजारच भरतात.

अर्थशास्त्रीय आक्षेप येथेच उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दंतवैद्यांचेच पीक उदंड असताना आणि नवा पदवीधर तुटपुंज्या कंत्राटी वेतनावर राबण्यास तयार असताना, आणखी एक कनिष्ठ कर्मचारी घडवायचा कशाला? आक्षेप रास्त आहे. किटण काढणे एवढेच हायजिनिस्टचे काम असेल, तर तिच्या स्वतंत्र पदाला आधार उरत नाही. तेच काम पदवीधर जवळपास त्याच पैशात करील. तिचे समर्थन होऊ शकते ते तिला त्यापलीकडचे, आजारी माणसाचे काम शिकवले तरच.

हे पलीकडचे काम कोणते? नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयातील खुर्चीवर बसणारा रुग्ण पाठ्यपुस्तकातल्यासारखा निरोगी नसतो. तो मधुमेही असतो. मधुमेहाने हिरड्या सडतात आणि सडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. कोणाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. कोणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असते, आणि तेथे प्रतिजैविकाचे संरक्षण न देता किटण काढणे जिवावर बेतू शकते. कोणी गरोदर असते व मिसरीही लावत असते. कोणा तरुणाचे तोंड सुपारी-गुटख्याने इतके आखडलेले असते की दोन बोटेही आत शिरत नाहीत.

अशा रुग्णाला आधी काय विचारावे, रक्तदाब केव्हा मोजावा, हिरडी आणि दात यांमधली फट सळईने मिलिमीटरमध्ये कशी मोजावी व नोंदवावी, आणि मुख्य म्हणजे हात केव्हा आखडता घेऊन डॉक्टरांना हाक मारावी, हे प्लास्टिकच्या जबड्यावर शिकता येत नाही. औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र अभ्यासक्रमात असले म्हणून भागत नाही. परीक्षेत ‘पांढऱ्या चट्ट्याची लक्षणे लिहा’ या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवलेली विद्यार्थिनी कंदिलाच्या काजळीसारख्या काळवंडलेल्या, मिसरीने माखलेल्या हिरडीवर तो चट्टा ओळखीलच असे नाही. डोळा तयार होतो तो शेकडो तोंडे पाहून, आणि तीही चूक सांगणारे कोणी शेजारी उभे असताना.

हा डोळा दंतवैद्याशिवाय इतरांतही तयार होतो याला केरळची साक्ष आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पैकी ७ पंचायतींत १९९६ पासून वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या पदवीधर कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली आणि संशयितांना तज्ज्ञांकडे धाडले. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. आज आशा आणि परिचारिका यांच्याकडे तिशीवरील लोकांच्या चाळणीचे काम शासनाने दिले आहेच. पण लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतची ओझी वाहणाऱ्या परिचारिकेच्या डोक्यावर हे आणखी एक रकानेवजा काम ठेवले की, रकाने भरतात आणि तोंडे तशीच राहतात.

म्हणून अभ्यासक्रमाचे शेवटचे सहा महिने शहरातील महाविद्यालयाबाहेर, नारायणगाव, जुन्नर किंवा मंचर येथील शासकीय रुग्णालयांत, तेथील दंतवैद्याच्या देखरेखीखाली घालवणे सक्तीचे व्हावे. खर्च काही आभाळाला भिडणारा नाही: निवासाची सोय, थोडे विद्यावेतन, उपकरणांचा वाढीव संच आणि देखरेख करणाऱ्या दंतवैद्याला त्या वेळेचा मोबदला. यातली शेवटची बाब प्रथम कापली जाते, आणि ती कापली की उरलेली योजना म्हणजे फुकट मजुरी ठरते.

दुसरी अडचण पदांची आहे. पद नाही म्हणून मुली या अभ्यासक्रमाकडे वळत नाहीत, आणि मुली नाहीत म्हणून पद मंजूर होत नाही. खोडद-नारायणगावच्या परिसरात बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन वैद्यकीय प्रवेशाच्या दाराशी अडकलेल्या मुली काही कमी नाहीत. वेतनश्रेणीसह पद आधी जाहीर करण्याचे धाडस शासनाला करावे लागेल. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. त्याखालचे नियम ठरवताना हायजिनिस्टच्या हाती नेमकी कोणती कामे द्यायची व कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहिता येण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून रुग्ण दंतवैद्याच्या चिठ्ठीवाचून थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. तेवढी मुभा येथे लगेच देणे घाईचे होईल. मधुमेहींच्या हिरड्यांचे उपचार, चट्ट्यांची नोंद आणि संशयित रुग्ण पुढच्या रुग्णालयात पोचला की नाही याचा पाठपुरावा, ही तीन कामे तरी आरंभी तिच्या नावावर लिहिली जावीत.