पांबनचा वारा आणि आपली घाई

सांगलीकडच्या मंडळींना मी काशी-रामेश्वरला नेते. उत्तरेत धुक्यानं गाडी दहा तास लांबली, तरी आमचे यात्रेकरू फलाटावर सतरंजी टाकून भजन लावतात. रामेश्वरच्या अलीकडे, पांबनच्या समुद्रावरच्या पुलाआधी मंडपमला मात्र वाऱ्यामुळे गाडी अर्धा तास थांबली, की सगळे माझ्यावर: "ताई, आता नवा पूल झालाय ना?"

झालाय. एप्रिल 2025 मध्ये तो सुरू झाला. बोटी जायच्या वेळी त्याचा 72.5 मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. 1914 च्या जुन्या पुलावर वारा ताशी 58 किलोमीटरवर गेला की सिग्नल आपोआप लाल व्हायचा. नव्यावरही वारा मोजणारं यंत्र आहेच.

जागाच तशी आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीचं दक्षिण टोक आणि श्रीलंकेतले डोंगर यांच्यामधून घुसतो आणि तिथेच जोर धरतो. तेव्हा मन्नारचं आखात खवळतं, पलीकडचा पाल्क उपसागर त्यामानानं निवांत. ऑक्टोबरनंतर ईशान्येचा वारा लागला की उलट. तिथले कोळी आखाताला पुरुष समुद्र म्हणतात, उपसागराला बाई समुद्र. (डिसेंबरात ही बाई काय करते, ते मी पाहिलंय.) या दोन समुद्रांमधल्या रामसेतूवर तर ठिकठिकाणी पुरुषभरही पाणी नाही, मोठी जहाजं श्रीलंकेला वळसा घालतात. पण उथळ म्हणजे गरीब समुद्र, असं समजू नका. वादळानं ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, मग ते जमिनीवर चढतं.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री तसंच झालं. रामेश्वर बेटावरच्या धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर वाहून गेली, शंभराहून अधिक माणसं बुडाली, गाव उद्ध्वस्त झालं. सरकारनं ती जागा राहायला अयोग्य ठरवली. मोडलेला पांबनचा पूल ई. श्रीधरन यांनी 46 दिवसांत उभा केला. कोकण रेल्वेमुळे श्रीधरन आपल्याला घरचे वाटतात, म्हणून ते 46 दिवस सगळ्यांना पाठ असतात. ती गाडी कुणालाच आठवत नाही.

आता धनुष्कोडीच्या पुढे अरिचलमुनैच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि लोक विचारतात, तिथं मुक्कामाची सोय का नाही? नसावीच. दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या त्या वाळूच्या पट्ट्यावर हॉटेलं कुणी मागूही नयेत. काही कोळी कुटुंबं राहतात, पण त्यांना वारा कळतो. आपण सकाळी जावं, प्रयागला न्यायची सेतूची वाळू घ्यावी आणि दुपारपर्यंत परत फिरावं.

माझ्या पत्रकात रामेश्वरचा एक दिवस मोकळा असतो. त्यानं माणशी खर्च वाढतो, काही बुकिंगं दुसरीकडे जातात. जाऊ देत. गाडी वेळेवर पोचलीच, तर मंदिरातल्या 22 तीर्थांची स्नानं निवांत होतात. बाकीच्या यात्रा कंपन्यांनीही असा दिवस ठेवावा, आणि पत्रकात कारण स्पष्ट छापावं: वारा.