दिवा लपवा, नंबर मिरवा!

एका व्याख्यानमालेत परवा एका गृहस्थांनी वाहन आणि व्यक्तिस्वातंत्र्य या विषयावर श्रोत्यांचे प्रबोधन केले. वक्ते विद्वान, आवाज खणखणीत, टाळ्या भरपूर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पोलिसांच्या गाडीवर पट्टे, नाव आणि दिवा असला की गुन्हेगार सावध होतो, आंदोलनात पहिला दगडही तिच्यावरच पडतो. म्हणून पोलीस, अधिकारी आणि तातडीच्या सेवेतले डॉक्टर यांच्या गाड्या साध्याच असाव्यात. दिवा जाळीआड दडवावा, गरज पडली की पेटवावा. नाही तरी आपल्याकडे रुग्णवाहिकेला कोण वाट देतो? सामान्य नागरिकाला मात्र आपल्या नंबराशी खेळायची मोकळीक हवी. तो पैसे मोजतो, हौस भागवतो, कुणाचे काय बिघडते? शिवाय मराठी पाटी हा अस्मितेचा प्रश्न, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट ही ठेकेदारांची सोय.

म्हणजे ज्याने दिसायला हवे त्याने लपायचे आणि ज्याला ओळखता आले पाहिजे त्याने नंबराची नक्षी करायची.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. दगड पडतो म्हणून गाडी बारा महिने बोडकी ठेवायची, तर एसटीवरचे बोधचिन्ह आधी खरवडायला हवे. तिने काय कमी दगड खाल्ले? पाळतीवरच्या गाडीला पट्टे नकोत हे शेंबडे पोरही सांगेल, आणि तेवढ्यापुरते वक्ते बरोबर आहेत. पण पाळतीवरची गाडी कुणाला ‘बाजूला हो’ म्हणत नाही. ज्या क्षणी ती तसे म्हणते, त्या क्षणी तिने आपण कोण ते सांगायला हवे.

‘साध्या वेशातला पोलीस चालतो, मग साध्या वेशातली गाडी का नको?’ या वाक्याला सर्वांत मोठी टाळी पडली. पण साध्या वेशातला पोलीसही अटक करताना अनोळखी राहू शकत नाही. अटक करणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख अंगावर हवी, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. ताशी ऐंशीच्या वेगाने मागून येणारी गाडी ओळखपत्र कुठून दाखवणार? ‘पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असे सांगून आज्यांच्या पाटल्या लांबवणारे तोतये आपल्या प्रत्येक शहरात होऊन गेले. त्यांना आता जाळीआडचा दिवाही द्यावा, एवढेच राहिले होते. रात्री अकराला महामार्गावर एकटी बाई गाडी चालवते आहे आणि मागच्या पांढऱ्या गाडीत अचानक लाल-निळे चमकू लागले, तर तिने थांबायचे की पळायचे? या प्रश्नाला वक्त्यांकडे उत्तर नव्हते, कारण तो त्यांना पडलाच नव्हता.

दिव्याचे हे वेड जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये लाल दिवा उच्च घटनात्मक पदांपुरता ठेवा असे बजावले, तरी तो जिल्ह्या-तालुक्याच्या गाड्यांवर लुकलुकतच राहिला. शेवटी १ मे २०१७ पासून तो सगळ्यांच्याच टपावरून उतरला. तेव्हाही प्रतिष्ठा, सुरक्षा आणि कामाची निकड हीच रडगाणी कानी पडली होती, आणि दिवा गेल्याने कुणाची निकड अडल्याचे ऐकिवात नाही. दिव्याला मुकाट मान देण्याची सवय किती महागात पडते याचा दाखला तर त्याही आधीचा. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या आवारात घुसलेल्या दहशतवाद्यांच्या पांढऱ्या अँबेसेडरवर लाल दिवा होता आणि काचेवर गृहखात्याचा स्टिकर. तरीही आज ॲक्सेसरीच्या दुकानात दिवा सीट कव्हराच्या शेजारी टांगलेला मिळतो, आणि ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘शासकीय कर्तव्यावर’ ही तीन लेबले कुणीही मागावीत आणि कुणीही लावावीत.

‘रुग्णवाहिकेला कोण वाट देतो?’ देतात हो. तिच्या बॉनेटवर नाव उलट्या अक्षरांत असते ते पुढच्याला आरशात सुलट दिसावे म्हणून. वाट न देणाऱ्याला दहा हजार दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही, हे मोटार वाहन कायद्याचे कलम १९४-ई सांगते. पण कायदा राहू द्या. वाडीवरून पेशंट घेऊन तालुक्याला निघालेली जीप पाहिली आहे का? हेडलाइट भर दुपारी चालू, हॉर्नवरचा हात उठत नाही, खिडकीतून कुणाचा तरी हात बाहेर आणि त्या हातात पांढरा रुमाल. ना सायरन, ना पट्टा. पण उसाचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसह साइडपट्टीवर उतरतो आणि टमटम थांबते. कारण जीप उघड सांगते आहे की आत जीव आहे. लोक खुणेला मान देतात, आणि म्हणूनच खूण लपवणारा आणि खोटी लावणारा हे दोघेही त्या रुमालाचे गुन्हेगार आहेत.

आता नंबराची हौस. कुणाचे काय बिघडते, या वाक्यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे.

आरटीओच्या आसपास कुठल्याही रेडियमच्या टपरीवर उभे राहा. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ घेऊन पोरगा येतो. कारागीर ब्लेडने चाराचे पोट गोल करतो, शेपूट खाली ओढतो, एकाला काना बनवतो, चौघांच्या डोक्यावरून एक शिरोरेषा फिरवतो. झाला ‘दादा’. २१४ चा राम होतो, ८०५५ चा इंग्रजीत बॉस. ‘एमएच १२’ वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढे. कारागिरीला दाद द्यावी अशीच असते. मी खिजवत नाही, हात खरेच बसलेला असतो.

पण नंबर मालकासाठी नसतोच. मालकाला आपली गाडी नंबराशिवायही ओळखता येते. नंबर असतो तो रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी, चहाच्या गाडीवरून पाहणाऱ्यासाठी, मागून ओरडत धावणाऱ्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये चारचाकीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड हवे, दोन अक्षरांत १० मिलिमीटर मोकळे हवेत, असे मोजूनमापून लिहिले आहे ते कारकुनाला उद्योग नव्हता म्हणून नव्हे. निसटत्या गाडीचा नंबर घाबरलेल्या माणसाला दोन श्वासांत वाचता यावा म्हणून. आता तो साक्षीदार पोलिसांना काय सांगणार? ‘साहेब, दादा होते.’ जिल्ह्यात दादा किती!

आणि नंबर सापडला नाही तर काय होते? ठोकणारी गाडी सापडली तर तिचा विमा सापडतो. त्रयस्थाचा विमा सक्तीचा असल्याने मेलेल्याचे वय, कमाई, मागे राहिलेली माणसे यांचा हिशेब करून न्यायाधिकरण भरपाई ठरवते, आणि ती विमा कंपनीला द्यावी लागते. गाडी सापडलीच नाही तर उरते ‘ठोकून पळाला’ या सदरातली ठोक रक्कम. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमीसाठी पन्नास हजार आहे. त्याआधी मृत्यूला पंचवीस हजार मिळत. मुंबई-पुण्यात चारचाकीला ०००१ हवा असेल तर २०२४ पासून सहा लाख मोजावे लागतात. सहा लाखांचा नंबर खुशाल घ्या, तिजोरीत भर पडते, माझी ना नाही. पण तो नंबर वेलबुट्टीत बुडवला, तर तुमच्या चाकाखाली आलेल्याच्या बायकोच्या हाती दोन लाख पडतात. बिघडते ते हे, आणि तिचे बिघडते.

कॅमेऱ्यांचेही तेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे नंबर वाचून चलान पाठवतात. नक्षीदार पाटी त्यांनाही उमगत नाही, आणि कधी चुकीची वाचली गेली तर भलत्याच सज्जनाच्या मोबाइलवर मेसेज वाजतो. तो बिचारा त्या वेळी घरी पंखा पुसत असतो.

राहिली अस्मिता. नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असावा हा नियम देशभराचा आहे, आणि कर्नाटकातला हवालदारही तोच नंबर वाचणार आहे. मराठीचा कळवळा मलाही आहे. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी भांडणे झाली तेव्हा मी त्याच बाजूला होतो, आणि ‘गिऱ्हाइकाला काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांशी माझा अजून अबोला आहे म्हणा ना. पण मराठी शाळांचे वर्ग बंद होतात तेव्हा ही मंडळी कुठे असतात? बंपरवर अस्मिता चिकटवणे स्वस्त पडते, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचे काय? दिवा आणि सायरन ज्या गाडीला मंजूर, तिच्या नोंदणी पुस्तकात तसा शेरा असावा, आणि शेरा पाहिल्याशिवाय दिवा विकणाऱ्या दुकानदाराला आधी धरावे. तातडीच्या गाडीवर खात्याचे नाव चारी बाजूंनी वाचता यावे. पसंतीचा नंबर विकावा, पण पाटी सगळ्यांची एकच, उच्च सुरक्षेची. ती पाटी दुचाकीला साडेचारशे आणि चारचाकीला सातशे पंचेचाळीस रुपये अधिक करात पडते. ती बसवायला मुदतवाढी किती दिल्या, ठेके कुणाला गेले, याची चौकशी मागायची असेल तर जरूर मागा, अर्जावर मी सही करतो. ठेका महाग पडला म्हणून नंबर अगम्य ठेवायचा हक्क मात्र त्यातून निघत नाही.

नक्षीच्या पाटीला पहिल्या खेपेचा दंड पाचशे रुपये. एवढी रक्कम ही मंडळी पाटीच्या खर्चातच धरून टाकतात. पाटी तिथल्या तिथे जप्त करावी आणि नियमातली बसेपर्यंत गाडी जागची हलू देऊ नये. दादांना दोन दिवस रिक्षाने हिंडावे लागेल. तिचा नंबर निदान वाचता तरी येतो.