गोंधळ तिच्या डोक्यात नाही

"ताई, माझं डोकंच चालत नाही तिथे." भिवंडीच्या गोदामांत नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींकडून हे वाक्य मी वारंवार ऐकते. एकेकाळी यंत्रमागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात आता गोदामांच्या रांगा आहेत. बारावी, बी.कॉम. झालेल्या मुली तिथे मालाची आवक नोंदवतात, स्टॉक मोजतात, डिस्पॅच सांभाळतात.

पहिल्याच दिवशी हातात स्कॅनर येतो. रॅकचे कोड, बॅच नंबर, आधी आलेला माल आधी पाठवण्याचा नियम, शिवाय २०१८ पासून सुरू झालेलं ई-वे बिल. त्यात गाडीचा नंबर चुकला तर ट्रक वाटेत अडकू शकतो. दारात ड्रायव्हर खोळंबलेला, फोनवर ग्राहक. शिकवायला कोणी नाही. 'बघून बघून येईल' एवढंच उत्तर. टार्गेट मात्र जुन्यांइतकंच. अशा वेळी कोण गांगरणार नाही?

नवा मुलगाही गांगरतोच. पण तो सुट्टी झाल्यावर चहाच्या टपरीवर जुन्यांकडून चार खुब्या शिकतो. तिला मात्र स्वयंपाकाची वेळ गाठायची असते. मग तिच्यापुढे एकच वाट उरते, सुपरवायझरची मर्जी. शिकणं एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिलं की त्याची किंमत मागितली जाण्याची भीती असते. ती निमूटपणे नोकरी सोडते, आणि घरचे म्हणतात, 'हे बायकांचं काम नव्हेच.'

अशा मुलींसाठी संस्था आत्मविश्वासाची शिबिरं घेतात. माझा त्याला आक्षेप आहे. तिच्यात उणीव आहे, हेच आपण त्यातून मान्य करतो. उणीव आहे ती कामाच्या रचनेत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : पगारी वेळेत प्रशिक्षण, मराठीत लेखी सूचना, सुरुवातीला कमी टार्गेट आणि विचारायला नेमून दिलेली अनुभवी सहकारी. आणखी एक गोष्ट प्रत्येकीला पहिल्याच दिवशी कळायला हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी, शिकाऊ आणि प्रोबेशनवरच्या स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे.

नोकरी मिळवून दिली की आपलं काम संपलं असं समजू नये, मैत्रिणींनो. खरी सोबत पहिल्या तीन महिन्यांतच लागते.